पसंतीक्रमाचा फॉर्म आतून कसा चालतो? वर मोठं कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही

सीईटीचा निकाल लागला की घराघरांत एक नवाच अभ्यास सुरू होतो. मुलांचा संपलेला असतो, आता पालकांची पाळी. गेल्या वर्षीच्या कट-ऑफची पीडीएफ, तिच्यावर हायलाइटरच्या रेघा, कुणाच्या तरी भाच्याने पाठवलेली ‘कॉलेज लिस्ट’, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडणारे सल्ले. ‘पहिल्या नंबरला टॉप कॉलेज टाकू नका, ऑप्शन वाया जातो.’ ‘जिथे नक्की मिळेल तेच वर ठेवा.’ ‘जास्त ऑप्शन भरले की कॉम्प्युटर खालचंच देतो.’

हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. शिवाय त्यांचा फटका कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण मिळू शकली असती अशी जागा मुलाने मागितलेलीच नसते. कागदावर सगळं सुरळीत दिसतं. ‘पहिल्या पसंतीचं मिळालं’ म्हणून पेढेही वाटले जातात.

या लेखात महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशाचं उदाहरण धरून ही यंत्रणा आतून कशी चालते ते पाहू. फार्मसी, कृषी, विधी किंवा केंद्रीय संस्थांचे प्रवेश यांचे नियम वेगवेगळे आहेत, पण गाभा बराचसा हाच आहे. तो थोडक्यात असा: तुम्हाला काय हवंय, एवढंच फॉर्म विचारतो. काय मिळू शकतं हे मेरिट ठरवतं. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की नुकसान होतं.

आधी चार शब्द

कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. प्रत्येक कॉलेजात वेगळा अर्ज न करता सगळ्या कॉलेजांच्या जागा एकाच ठिकाणाहून वाटण्याची ही पद्धत. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी हे काम राज्य सीईटी कक्ष करतो.

ऑप्शन फॉर्म म्हणजे पसंतीक्रमाची यादी. इथे एक पर्याय म्हणजे नुसतं कॉलेज नसतं, ‘अमुक कॉलेजातली अमुक शाखा’ असा तो जोड असतो. एकाच कॉलेजातल्या पाच शाखा हव्या असतील तर ते पाच पर्याय झाले.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. सीईटी अनेक सत्रांत होते. तुमच्या सत्रात बसलेल्या मुलांपैकी ९२ टक्क्यांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण असतील, तर तुमचं पर्सेंटाइल ९२. त्यावरून राज्याची गुणवत्ता यादी लागते आणि तुम्हाला मेरिट नंबर मिळतो. फॉर्म भरताना पर्सेंटाइलपेक्षा या नंबराकडे बघावं, कारण रांग लागते ती नंबराची.

आणि कट-ऑफ. त्यावर गैरसमज इतके आहेत की पुढे एक पूर्ण भाग त्यालाच दिला आहे.

सॉफ्टवेअर यादी कशी वाचतं

क्षणभर आरक्षण, कोटा वगैरे सगळं बाजूला ठेवा आणि राज्यात एकच मेरिट लिस्ट आहे असं समजा. सॉफ्टवेअर पहिल्या नंबरच्या मुलापासून सुरुवात करतं. त्याची यादी वरून खाली वाचतं आणि जो पहिला पर्याय रिकामा सापडेल तो त्याला देतं. मग दुसऱ्या नंबरचा मुलगा, मग तिसऱ्या.

समजा, तुमच्या मुलीचा मेरिट नंबर ९,००० आहे. तिच्यापुढच्या ८,९९९ जणांना जागा देऊन झाल्यावर सॉफ्टवेअर तिच्या यादीपाशी येतं. पहिला पर्याय बघतं: भरलेला. दुसरा: भरलेला. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा: सगळे भरलेले. सातव्या पर्यायात दोन जागा शिल्लक आहेत, त्यातली एक तिला मिळते.

आता प्रश्न असा की पहिले सहा पर्याय वाचण्यात जो वेळ गेला, तेवढ्यात ९,००१ नंबरच्या मुलाने ती सातवी जागा पटकावली का? नाही. तिच्या यादीचा निकाल लागेपर्यंत त्याची यादी उघडलीच जात नाही. म्हणजे वर सहा मोठी कॉलेजं टाकल्याची किंमत शून्य. साठ टाकली असती तरी शून्यच.

उलटी बाजू बघा. ‘नक्की मिळेल’ म्हणून तिने तोच सातवा पर्याय सगळ्यात वर ठेवला असता, तर सॉफ्टवेअरने पहिल्याच ओळीला थांबून तो दिला असता. त्या वर्षी तिसऱ्या पर्यायात अनपेक्षितपणे एखादी जागा उरली असती, तरी ती तिला दिसलीसुद्धा नसती. ती ९,००१ किंवा ९,४०० नंबरच्या, जरा धीट यादी लावलेल्या मुलाला गेली असती. सुरक्षित खेळल्याने सुरक्षितता काहीच वाढली नाही, फक्त संधी गेली.

‘जास्त ऑप्शन भरले की खालचंच मिळतं’ हा समजही इथेच गळून पडतो. खालचा पर्याय मिळतो तो वरचे सगळे भरलेले असतात म्हणून. तो पर्याय यादीत नसता तर त्याऐवजी वरचा मिळाला नसता, काहीच मिळालं नसतं.

पण मेरिट लिस्ट तर अनेक असतात!

बरोबर. प्रत्यक्षात सीईटीच्या मेरिटवर भरायच्या जागा वेगळ्या आणि जेईई या देशपातळीवरच्या परीक्षेच्या मेरिटवर भरायच्या अखिल भारतीय जागा वेगळ्या. होम युनिव्हर्सिटीच्या जागा वेगळ्या, बाहेरच्यांच्या वेगळ्या. प्रवर्गाच्या वेगळ्या, मुलींसाठीच्या वेगळ्या. एकाच मुलीचा नंबर एका रांगेत पुढे आणि दुसरीत मागे असू शकतो. मग ‘पहिल्यापासून सुरू करा’ म्हणायचं तर पहिला कोण?

या कोड्याचं सुंदर उत्तर डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली एका छोट्याशा निबंधात दिलं. ते समजायला एसटी स्टँड पुरेसा आहे. गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं समजा. प्रत्येक मुलगा आपल्या सर्वात आवडत्या सीटवर रुमाल टाकतो. अजून कुणी बसलेलं नाही. आता प्रत्येक सीट आपल्या रांगेनुसार बघते की माझ्यावर पडलेल्या रुमालांत सर्वात वरचा नंबर कुणाचा. तो रुमाल राहतो, बाकीचे परत. ज्यांचे परत आले ते आपल्या पुढच्या पसंतीच्या सीटकडे जातात आणि तिथे रुमाल टाकतात.

स्टँडवरच्या खऱ्या गाडीत उशिरा आलेल्याला जागा मिळत नाही. या गाडीत मिळते. पाचव्या सीटपाशी तुम्ही उशिरा पोचलात, पण तिथे आधीच पडलेल्या रुमालाच्या मालकापेक्षा त्या रांगेत तुमचा नंबर वर असेल, तर त्याचा रुमाल उचलला जातो आणि तुमचा राहतो. तो मग त्याच्या पुढच्या पसंतीकडे वळतो. कुणाचाच रुमाल हलेनासा झाला की मगच सगळे बसतात. त्यामुळे वर चार मोठ्या ठिकाणी नशीब आजमावून आल्याने पाचव्या ठिकाणी तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही.

या पद्धतीत विद्यार्थ्याला खोटा क्रम लावून कधीच फायदा होत नाही, हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गणिताने सिद्ध झालं. ‘सहसा होत नाही’ इतपत ढिलं ते विधान नाही, ‘कधीच होत नाही’ असं आहे. इतर मुलांनी काहीही भरलेलं असो. याच विषयाच्या सिद्धांताबद्दल आणि त्याच्या प्रत्यक्ष वापराबद्दल शॅपली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल तोवर हयात नव्हते.

आपल्याकडे याचं मोठं उदाहरण म्हणजे जोसा, म्हणजे आयआयटी, एनआयटी वगैरे केंद्रीय संस्थांच्या जागा एकत्र वाटणारी यंत्रणा. २०१५ च्या आधी आयआयटी आणि एनआयटी यांच्या जागा वेगवेगळ्या वाटल्या जात. एकच मुलगा दोन्हीकडे जागा अडवून बसे आणि एक सोडली की ती जागा रिकामीच राही. २०१५ पासून दोन्ही मिळून एकच पसंतीक्रम भरला जातो आणि मागे ही रुमालाचीच पद्धत चालते. आयआयटीसाठी जेईई ॲडव्हान्स्डचा रँक आणि एनआयटीसाठी जेईई मेनचा, असे दोन नंबर असूनही यादी एकच, ती याचमुळे शक्य झाली. तिथे भेटणारे तीन शब्दही लक्षात ठेवायला सोपे आहेत. फ्रीझ म्हणजे ‘मला हीच जागा हवी, आता पुढच्या फेरीत माझा विचार नको’. फ्लोट म्हणजे ‘ही धरून ठेवतो, पण माझ्या यादीतलं वरचं काहीही मिळालं तर तिकडे’. स्लाइड म्हणजे ‘संस्था हीच, पण शाखा वरची मिळाली तर हवी’.

‘पहिला नंबर दिला की कॉलेज आधी घेतं’

हा आक्षेप निव्वळ अफवा म्हणून उडवून लावता येत नाही. अशा पद्धती खरंच असतात. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात शाळांचे प्रवेश अनेक वर्षं असे होत: आधी प्रत्येक शाळा तिला पहिली पसंती देणाऱ्यांना घेणार, जागा उरल्या तर दुसरी पसंती देणाऱ्यांना. अशा पद्धतीत मोठी शाळा वर टाकून ती हुकली, तर दुसऱ्या पसंतीची शाळा तोवर भरून गेलेली असे. तिथे ‘नक्की मिळेल ते वर टाका’ हा सल्ला अगदी योग्य होता, आणि जाणकार पालक तसंच करत. ज्यांना ही खेळी माहीत नव्हती त्यांची मुलं मागे पडत. २००५ साली बोस्टनने ती पद्धत मोडीत काढून गेल-शॅपलीची स्वीकारली.

आपल्या कॅपमध्ये आधी मेरिट, मग पसंती. कॉलेजला तुम्ही पहिला नंबर दिलात की चाळिसावा, याने त्या कॉलेजच्या रांगेतली तुमची जागा बदलत नाही. ‘पहिली पसंती आम्हाला द्या म्हणजे नक्की घेऊ’ असं एखाद्या कॉलेजातून फोनवर सांगितलं जात असेल, तर त्या वाक्यात फायदा कुणाचा आहे ते पुढचा भाग वाचल्यावर कळेल.

मग ऑटो-फ्रीझचं काय?

इथे गोष्ट थोडी अवघड होते, आणि अलीकडे सर्वात जास्त घोळ इथेच होतो.

कॅप एका फेरीत संपत नाही. कुणी आयआयटीला जातं, कुणी मेडिकलला, कुणी परराज्यात. रिकाम्या झालेल्या जागा पुढच्या फेरीत वाटल्या जातात. पूर्वी बरीच मुलं हाती आलेली चांगली जागासुद्धा सोडून पुढच्या फेरीची वाट बघत आणि जागा अडकून पडत. त्यावर उपाय म्हणून ऑटो-फ्रीझचा नियम आला: अमुक क्रमांकापर्यंतची पसंती मिळाली तर जागा आपोआप पक्की होणार. ती घ्यायची, नाहीतर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर.

२०२५-२६ च्या इंजिनिअरिंग प्रवेशात चार फेऱ्या ठेवल्या गेल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती बंधनकारक. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणतीही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही. चौथीत जे मिळेल ते. हे आकडे दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या-त्या वर्षाचं माहितीपत्रक उघडून नेमकं हेच कलम वाचावं. बाकीची पानं नाही वाचली तरी चालेल (नाही, फीचं पानही वाचा).

आता सुरक्षित खेळणाऱ्यांचं काय होतं ते बघा. पहिल्या फेरीत ‘नक्की मिळणारं’ कॉलेज एक नंबरला टाकलं. ते मिळालं. जागा गोठली. वर जायची वाट पहिल्याच फेरीत बंद, पुढे तीन फेऱ्या बाकी असताना. आधीच्या भागातल्या फोनवाल्या कॉलेजचा फायदा तो हाच. ऑटो-फ्रीझ आल्यामुळे खरा क्रम लावणं अधिकच गरजेचं झालं आहे.

पहिल्या फेरीपुरता हिशेब सरळ आहे. एक नंबरला ते टाका, जे मिळालं तर तुम्ही पुढे काहीही बघणार नाही. मग ते गोठलं तर बिघडलं कुठे?

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मात्र गणित तितकं निर्मळ राहत नाही, हे मान्य करायला हवं. समजा, तुमची पहिली आवड ‘अ’ आणि दुसरी ‘ब’. दुसऱ्या फेरीत ‘ब’ मिळालं, गोठलं. तिसऱ्या फेरीत ‘अ’ मध्ये जागा रिकामी झाली तरी आता उपयोग नाही. म्हणून काही जण ‘ब’ ला मुद्दाम चौथ्या नंबरवर ढकलतात आणि मधे दोन न मिळणारे पर्याय भरतात, म्हणजे ‘ब’ मिळालं तरी ते हातात धरून पुढे ‘अ’ ची वाट बघता येते. कागदावर ही खेळी चालते. पण मधे भरलेले ते दोन पर्याय खरंच मिळाले तर? नको असलेली शाखा पहिल्या तीनात आली म्हणून बंधनकारक होऊन बसेल. माझं मत सांगायचं तर, मधले दोन्ही पर्याय ‘ब’ पेक्षा मनापासून जास्त आवडत असतील, तरच हे करावं. आणि तसं असेल तर ती खेळी राहतच नाही, तो तुमचा खरा क्रमच झाला.

कट-ऑफ ही अट नसते

‘त्या कॉलेजला ९६ लागतात’ असं आपण म्हणतो, जणू कॉलेजने दारावर पाटी लावली आहे. तसं काही नसतं. गेल्या वर्षी त्या जागेवर शेवटी आत गेलेल्या मुलाचा नंबर म्हणजे कट-ऑफ. तो आधी ठरत नाही, सगळं वाटप झाल्यावर नुसता नोंदवला जातो. यंदा शाखेच्या जागा वाढल्या, शेजारी नवं कॉलेज आलं, पेपर वेगळा पडला, मुलांचा ओढा दुसऱ्या शाखेकडे गेला, तर तो सरकतो. म्हणून गेल्या वर्षीच्या कट-ऑफपेक्षा आपला नंबर थोडा मागे आहे एवढ्यावरून पर्याय खोडून टाकू नये. वर ठेवल्याने काही जात नाही, हे आपण पाहिलंच.

दुसरी चूक म्हणजे भलत्याच रकान्यातला कट-ऑफ वाचणं. कॅपच्या यादीत जीओपनएच, एलओबीसीओ असे संकेत दिसतात. त्यांची फोड सोपी आहे. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी. मधला भाग प्रवर्गाचा: ओपन, ओबीसी, एससी वगैरे. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे इतर विद्यापीठांतून येणारे, एस म्हणजे राज्यस्तरीय. होम युनिव्हर्सिटी म्हणजे साधारणपणे तुम्ही बारावी ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात केली ते. अशी विभागणी लागू असलेल्या कॉलेजांत ७० टक्के जागा तिथल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. मुंबईतलं व्हीजेटीआय किंवा पुण्यातलं सीओईपी इथल्या जागा मात्र राज्यस्तरीय, तिथे ही विभागणी नाही. नांदेडच्या मुलाने पुण्यातल्या एखाद्या कॉलेजचा ‘एच’ चा रकाना बघून आशा लावणं किंवा सोडणं, दोन्ही निरर्थक.

मुलींनी जी आणि एल दोन्ही रकाने बघावेत, कारण त्यांचा विचार दोन्ही जागांसाठी होतो. राखीव प्रवर्गातल्या मुलामुलींचाही मेरिटवर खुल्या जागेसाठी विचार होतोच.

टीएफडब्ल्यूएस हा एक वेगळाच प्रकार. मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा अशा असतात की तिथे शिक्षण शुल्क माफ असतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. अनेकांना वाटतं की उत्पन्नाचा दाखला जोडला की ही सवलत आपोआप लागू होते. होत नाही. या जागेचा चॉइस कोड (फॉर्ममध्ये प्रत्येक पर्यायाला असलेला क्रमांक) वेगळा असतो, शेवटी टी लावलेला, आणि तो पर्याय यादीत स्वतंत्रपणे भरावा लागतो. त्याच कॉलेजातल्या त्याच शाखेचा साधा कोड खाली आणि टीवाला वर, असं ठेवणं बहुतेक घरांना सोयीचं. फक्त या जागेवर प्रवेश घेतल्यावर पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही, हे आधी समजून घ्यावं.

यादी प्रत्यक्षात कशी लावायची

सर्वाधिक दिसणारी पद्धत म्हणजे गेल्या वर्षीच्या कट-ऑफनुसार कॉलेजं उतरत्या क्रमाने मांडणं. पैसे घेऊन बनवून दिलेल्या बहुतेक याद्या अशाच असतात. ही यादी म्हणजे गेल्या वर्षीच्या मुलांची आवड. त्यांच्यातल्या बहुतेकांना मुंबई-पुण्यात राहायचं होतं, कॉम्प्युटरच हवं होतं. तुमच्या मुलाला इलेक्ट्रिकल आवडतं किंवा घरून ये-जा करायची आहे, हे त्या यादीला कुठून कळणार?

त्यापेक्षा दोन-दोन पर्याय घेऊन मुलाला एकच प्रश्न विचारा: ‘दोन्हीकडे नंबर लागला तर कुठे जाशील?’ नंबर लागेल की नाही ही चर्चा त्या वेळी बंद. जो जिंकेल तो वर. मग तो वरच्याशी ताडून बघा. पंधरा-वीस पर्याय असे लावायला एक संध्याकाळ जाते, आणि त्या संध्याकाळी मुलाच्या मनात काय आहे तेही बऱ्याच घरांत पहिल्यांदाच ऐकू येतं. चारही वर्षांची फी, हॉस्टेल, एकूण प्रवास, हे सगळं त्या ‘कुठे जाशील’ च्या उत्तरात आधीच यायला हवं. ‘मिळालं तर बघू पैशाचं’ असं म्हणून वर टाकलेला पर्याय खरंच मिळाला आणि गोठला, की मग बघायला वेळ नसतो.

शाखा मोठी की कॉलेज, या वादाला सर्वांना लागू पडेल असं उत्तर नाही. मला स्वतःला एवढं पटतं की ज्या विषयाची पुस्तकं उघडवतच नाहीत, तो विषय नामवंत कॉलेजातही उघडवत नाही. आत गेल्यावर शाखा बदलता येईल या भरवशावर तर मुळीच राहू नये, कारण अशा जागा मोजक्याच असतात आणि त्यांनाही पुन्हा मेरिटच लागतं. ज्याचा कल पक्का नाही त्याने मात्र कॉलेजला जास्त वजन द्यावं.

यादी लांब ठेवा. इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये पर्यायांना जागा भरपूर असते. वर स्वप्नातली कॉलेजं, मधे आपल्या नंबराच्या आसपासची, खाली अशी काही जी मिळण्याची खात्री आहे आणि मिळाली तर खरोखर जाल. शेवटची अट महत्त्वाची. जिथे कोणत्याही परिस्थितीत जायचं नाही, ते ‘असू दे खाली’ म्हणून भरू नका. फेऱ्या पुढे सरकतात तसं तेच पदरात पडून बंधनकारक होण्याची वेळ येते.

दहाच पर्याय भरता येत असतील तर?

अकरावीच्या प्रवेशात असं होतं. २०२५ पासून ही प्रक्रिया राज्यभर ऑनलाइन झाली आणि एका फेरीत किमान एक, जास्तीत जास्त दहा कॉलेजं भरता येतात. इथे ‘वर काहीही टाका, फुकट आहे’ हे पूर्ण खरं नाही, कारण एका न मिळणाऱ्या कॉलेजने दहातली एक जागा खाल्ली. तेव्हा अंदाज बांधावाच लागतो: दोन-तीन आवाक्याबाहेरची, चार-पाच आपल्या गुणांच्या जवळपासची, बाकी खात्रीची.

पण अंदाज लावायचा तो कोणती दहा घ्यायची एवढ्यापुरताच. दहा निवडून झाली की त्यांचा आपसातला क्रम पुन्हा खऱ्या आवडीनेच लावायचा. आणि अकरावीलाही पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, हे विसरू नका.

जागा मिळाल्यावर

पहिल्या फेरीत पाचवी पसंती मिळाली, ती स्वीकारून तुम्ही बेटरमेंट (ही धरून ठेवून पुढच्या फेरीत वरच्यासाठी प्रयत्न) निवडली, आणि पुढच्या फेरीत तिसरी मिळाली. आता पाचवी आपोआप गेली. ‘नको, आधीचीच बरी होती’ असं म्हणायची सोय नाही, ती दुसऱ्या कुणाला तरी दिलेली असते. म्हणून बेटरमेंटच्या फेरीत यादी नव्याने भरता येत असेल, तर हातातल्या जागेपेक्षा खरोखर बरे वाटणारे पर्यायच तिच्यात ठेवा. याउलट वरचं काही मिळालंच नाही, तर हातातली जागा कायम राहते. बेटरमेंट मागितली म्हणून ती कुणी काढून घेत नाही.

फॉर्म ‘सेव्ह’ करून थांबू नका. ‘कन्फर्म’ केल्याशिवाय तो धरला जात नाही. सायबर कॅफेत भरून घेतलात तर पासवर्ड आणि ओटीपी स्वतःकडे ठेवा आणि प्रिंट काढून चॉइस कोडचे आकडे एकेक करून ताडा. एकाच संस्थेच्या नावाशी मिळतीजुळती कॉलेजं असतात आणि एक आकडा चुकला की शहरच बदलतं. जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस यांची प्रमाणपत्रं वेळेत दिली नाहीत, तर प्रवर्गाचा दावा जातो आणि विचार खुल्या गटातून होतो. तेव्हा मेरिट नंबरचा सगळा हिशेब बदलतो.

कॅपच्या फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागा कॉलेजच्या पातळीवर भरल्या जातात, आणि विनाअनुदानित कॉलेजांत संस्थेचा स्वतःचा, म्हणजे व्यवस्थापन कोटाही असतो. तिथे प्रवेश घ्यायला हरकत नाही, फक्त फीचा हिशेब आधी करा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण ते कॅपमधून प्रवेश घेतला असेल तर. व्यवस्थापन कोट्यातून तीच शाखा, तेच कॉलेज घेतलं तर माफी लागू होत नाही.